तिसऱ्या मजल्यावरचा भाऊ

९ जानेवारी

दादास,

पाकिटावर मुद्दाम वहिनीचं नाव घातलंय. तुझं घातलं असतं तर तू न फोडताच ते कपाटावर टाकलं असतंस. ती फोडेल आणि काही न बोलता तुझ्या ताटाशेजारी ठेवेल. मागे तू बजावलं होतंस की त्याच्याविषयी बोलायचं असेल तर मला फोन करू नकोस. मी फोन केलेला नाही. पत्राबद्दल तू काही म्हणाला नव्हतास.

भाऊ सापडला. काल त्याला भेटून आले. हातीपायी धड आहे. फार वाळलाय, दाढी छातीपर्यंत आलीय, पण आवाज तोच.

परवा आमच्या चष्म्याच्या दुकानात एक बाई आल्या. आल्या आल्या डोळे बारीक करून भिंतीवरचं सगळं वाचत होत्या, म्हणून मला वाटलं नंबर वाढला असेल. खुर्चीत बसवलं, अक्षरांचा तक्ता दाखवायला लागले, तर म्हणाल्या, "डोळे नंतर तपासा. तुम्हाला एक भाऊ आहे का, भिंत दिसली की आधी तिच्यावरून हात फिरवणारा?"

मी तक्त्याची पट्टी खाली ठेवली. आई आजारी होती तेव्हा दवाखान्याच्या खोलीत शिरल्यावर त्याने आधी भिंत चाचपली होती आणि मग आईकडे बघितलं होतं. तू त्यावरून त्याला केवढं बोलला होतास. रंगाऱ्याचा हात, दुसरं काय.

बाई एका संस्थेत आहेत. रस्त्यावर राहणाऱ्या माणसांना जाऊन भेटायचं हे त्यांचं काम. बस डेपोच्या मागे, जिथे जुन्या तिकीट खिडक्या बंद पडल्यात, तिथल्या जिन्याखाली भाऊ राहत होता. तुझ्या गावातून निघून तो इकडे आला होता, आणि माझ्या दुकानापासून ते काही लांब नाही, दादा. उन्हाळ्यापासून त्या त्याला भेटताहेत. पहिल्यांदा त्याने हाकलून दिलं, दुसऱ्यांदाही. त्या दर वेळी एवढंच विचारायच्या, काय हवंय? एकदा तो म्हणाला, मोजे. त्यांनी मोजे आणून दिले आणि उपदेशाचा एक शब्द न काढता निघून गेल्या. मग पुन्हा बरेच दिवस काही नाही. शेवटी थंडी पडल्यावर एका सकाळी तो आपण होऊन म्हणाला, "आतून कडी लागेल असं दार."

तर ते दार त्याला मिळतंय. ही संस्था चारचौघांच्या साध्या इमारतींत घरं भाड्याने घेते आणि रस्त्यावरच्या माणसांना राहायला देते. पुढे कमाई सुरू झाली की भाड्यातला वाटा त्यांनी उचलायचा. मी विचारलं, त्याला आधी दारू सोडावी लागेल का? नीट वागेन असं कबूल करावं लागेल का?

बाई म्हणाल्या, "नाही. आधी घर. जिन्याखाली कुणाचा आजार बरा झालेला मी बघितलेला नाही. घर मिळालं की मग बाकीचं, आणि बाकीचं पुष्कळ असतं."

घर बघायला जाताना छोटी बरोबर हवी, असं त्याने त्यांना सांगितलं. म्हणून त्या मला शोधत आल्या. रविवारी जाणार आहे. मला तुझ्याकडून काही नकोय. कळवायचं होतं, कळवलं.

तुझी,
छोटी


२४ जानेवारी

दादास,

तू उत्तर दिलं नाहीस ते ठीक. वहिनीने मात्र फोन करून विचारलं, त्याला पांघरूण आहे का. आहे म्हणून सांग, दोन आहेत.

घर तिसऱ्या मजल्यावर आहे. एकच खोली, तिच्यातच ओटा, पलीकडे न्हाणीघर, खिडकीतून शाळेचं मैदान दिसतं. पलंग, टेबल, दोन खुर्च्या, एक पातेलं, एक तवा. मला वाटलं होतं भाऊला रडू येईल, किंवा मला तरी येईल. तो आत आला, चारही भिंतींवरून हात फिरवला आणि म्हणाला, "रंगाच्या आधी भेगा बुजवायची लांबी नीट भरलेली नाही. सगळ्या चिरा दिसतात." बाईंना इतका आनंद झाला, जसं काही कुणी घराचं कौतुकच केलं. म्हणाल्या, "पसंत नसेल तर दुसरं बघू." तेव्हा मात्र तो गडबडला. त्याला कुणी पसंती विचारून किती वर्षं झाली असतील.

बाईंची एक गोष्ट तुला सांगायलाच हवी. नियमाप्रमाणे त्या घराची एक किल्ली त्यांच्याकडे असते. पण त्या ती वापरत नाहीत. दारावर टक टक करतात आणि उभ्या राहतात. पहिल्या दिवशी भाऊने आतूनच सांगितलं, या, दार उघडंच आहे. तरी त्या उभ्याच. तो कुरकुरत उठला, दाराशी आला, दार उघडलं, "या" म्हणाला, तेव्हा त्यांनी चप्पल काढली. मी नंतर त्यांना विचारलं, एवढं कशाला? त्या म्हणाल्या, "हे घर त्यांचं आहे हे मला ठाऊक आहे. त्यांना अजून पटायचंय."

तेव्हापासून भाऊ त्यांना टकटकबाई म्हणतो. तोंडावर म्हणतो. आणि त्या ओ देतात.

सगळं छान चाललंय असं मला लिहायचं होतं, पण तुला खोटं सांगून काय मिळणार. तो पलंगावर झोपत नाही. दाराला पाठ लावून, बूट घालून जमिनीवर झोपतो. मी रागावले. टकटकबाई म्हणाल्या, "झोप लागते ना? मग झोपू दे." आता बूट पायांतून निघून उशाला आलेत. तेवढी प्रगती.

तुझी,
छोटी


१९ फेब्रुवारी

दादास,

आज तुला एक प्रश्न विचारायला लिहितेय. उत्तर दे. त्याच्यासाठी नको देऊस, माझ्यासाठी दे.

झालं असं. भाऊच्या खालच्या घरात एक शिंपीण राहते, नाटकातले पोशाख शिवते. मंगळवारी भाऊने बादलीत नळ सोडला आणि पाव आणायला खाली उतरला. पावाच्या दुकानातून तो कुठे गेला ते त्याला स्वतःलाच सांगता येत नाही. संध्याकाळी परतला तोवर पाणी छतातून झिरपून शिंपिणीच्या घरात. तिच्याकडे एका नाटकाचे राजाराणीचे मखमली झगे तयार टांगलेले होते. मी गेले तेव्हा ती ते झगे पिळत होती आणि रडत होती. रागाने रडत होती. तिचं काही चुकलं नाही. रात्रंदिवस खपून शिवलेलं काम होतं ते.

त्याआधी दोनदा पातेलं करपून जिनाभर धूर झाला होता. घरमालकाने निकाल लावला, एप्रिल संपायच्या आत घर रिकामं करा. शिंपीण सगळ्यांसमोर म्हणाली, "त्याची कहाणी मला सांगू नका. मला माझ्या डोक्यावर पाणी नकोय, बस." भाऊ मान खाली घालून उभा होता. तुला आठवतो ना त्याचा तो चेहरा? आपल्याला वाटायचं बेफिकीर आहे, बोललेलं याच्या मनाला लागतच नाही.

मला वाटलं आता टकटकबाई त्याला झापतील. त्यांनी त्याला खुर्चीत बसवलं, समोर बसल्या आणि म्हणाल्या, "मंगळवारी उठल्यापासून काय काय केलंत ते सांगा. चूक शोधायची नाहीये. फक्त ओळीने सांगा."

दादा, त्याला ओळीने सांगता येईना. पाव आधी येत होता, मग उठणं, मग नळ, मग पुन्हा पाव. तो लपवत नव्हता. बाई नुसत्या ऐकत होत्या. मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "हे पहिल्यापासून असं?"

मी म्हटलं, छे. हा माणूस अख्खी इमारत रंगवायचा आणि खाली एक थेंब सांडायचा नाही. ब्रश धुऊन, पुसून, ओळीने टांगल्याशिवाय जेवायला बसायचा नाही. आई म्हणायची, या पोराला मुलगी द्यायला कुणीही तयार होईल.

"मग असं कधीपासून?"

मी तेव्हा लग्न होऊन या टोकाला आले होते, सासूबाईंच्या आजारपणात बुडालेली. ती वर्षं तो तुझ्याजवळ होता, एकाच गावात, येऊन जाऊन. तुलाच माहीत असणार. कधीपासून, दादा?

तुझी,
छोटी


८ मार्च

दादास,

तुझा फोन आला तेव्हा मी भिंग घासत होते. इतक्या वर्षांनी दुकानाच्या फोनवर तुझा आवाज. "शिडीवरून पडला त्यानंतर." एवढंच बोललास आणि ठेवलास. ते एक वाक्य मी तसंच टकटकबाईंना सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी त्या भाऊला घेऊन मेंदूच्या डॉक्टरांकडे गेल्या. मीही गेले.

डॉक्टर बाई तरुण आहेत. त्यांनी भाऊला सगळं विचारलं आणि त्याला जे आठवलं नाही ते मला विचारलं. पोस्टाच्या इमारतीची दर्शनी बाजू रंगवताना शिडी घसरली. तो डोक्यावर आपटला, उठून बसला, बाकीचे रंगारी हसले, तोही हसला. कुणीतरी चहा आणला. दुपारी पुन्हा शिडीवर चढला. रक्त आलं नव्हतं, म्हणून दवाखान्यात न्यायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही.

मग यंत्रात घालून डोक्याचं चित्र काढलं. कपाळाच्या मागच्या बाजूला एक जुनी जखम आहे. डॉक्टर म्हणाल्या, कामं एकामागून एक लावणं, हातातलं संपेपर्यंत ते लक्षात ठेवणं, राग आला तर तो आवरणं, हे सगळं मेंदूचा तो भाग करतो. नळ सोडला की मनात एक माणूस बसून राहतो ना, नळ चालू आहे म्हणून आठवण करत? भाऊच्या डोक्यातला तो माणूस त्या दिवशी शिडीवरून पडला आणि उठलाच नाही.

आता मागचं सगळं आठव, दादा. वेळेवर काम न केल्याने कंत्राटदाराने काढलं, त्याच्याशी मारामारी. भाडं द्यायचं राहिलं, हातात असूनही राहिलं. धाकट्या वहिनीवर, त्याच्या बायकोवर, तो ओरडायला लागला, ती किती सोसणार, सोडून गेली. आपण त्याला आळशी म्हणालो, तोंडाळ म्हणालो, दारुडा म्हणालो. दारू होती, पण ती नंतर आली. डोकं ठणकायचं आणि झोप लागायची नाही, म्हणून आली. आपण दारूचं शेपूट धरून ओढत होतो, तोंड कुठल्या बाजूला आहे ते कुणी बघितलंच नाही.

आणि बायको गेल्यावर तो तुझ्याकडे राहायला आला तेव्हाचा तो गॅस. त्याने मुद्दाम उघडा ठेवला नव्हता, आणि तुझ्या मुलीची त्याला पर्वा नव्हती असंही नाही. तो चहा करायला उठला, काडी पेटली नाही, दुसरी काडेपेटी शोधायला वळला, आणि वळल्यावर गॅस त्याच्या मनातून पुसला गेला. तू त्याला घराबाहेर काढलंस, कारण घरात लहान लेकरू होतं. तुझ्या जागी मी असते तर मीही काढलं असतं. हे तुझी समजूत घालायला लिहीत नाही. तसंच वाटतं म्हणून लिहितेय.

भाऊने शेवटी एकच विचारलं, "हे बरं होणार का?"

डॉक्टर खोटं बोलल्या नाहीत. म्हणाल्या, "जखम भरणार नाही. पण तिला सांभाळून चांगलं जगता येतं. त्यासाठी माणसं लागतात आणि थोड्या युक्त्या."

तो येताना बसमध्ये खिडकीबाहेर बघत होता. मला वाटलं मोकळा झाला असेल.

तुझी,
छोटी


२१ मार्च

दादास,

मोकळा वगैरे झाला नव्हता. डॉक्टरांकडून आल्यावर दोनच दिवसांत तो घर सोडून गेला. दार ओढून घेतलेलं, पांघरुणांची घडी, पातेलं घासून पालथं. नदीपर्यंत जाऊन आले. टकटकबाई मात्र सरळ डेपोकडे निघाल्या, मी त्यांच्या मागे.

तो तिथेच होता, जिन्याखाली, पुठ्ठ्यावर. आम्हाला बघून म्हणाला, "घर दुसऱ्या कुणाला द्या. बरा होईल अशा माणसाला."

टकटकबाई तिथेच एका खोक्यावर बसल्या. म्हणाल्या, "बरं व्हायच्या अटीवर मी ते दिलं नव्हतं. राहायला दिलंय. ते तुमचंच आहे, मी त्यात कुणाला घालणार नाही."

"मालक एप्रिलात काढणारच आहे."

"ते माझ्यावर सोडा. ते माझं काम आहे, मला येतं."

मी त्याच्या हाताला धरून ओढायला निघाले होते, बाईंनी मला डोळ्यांनीच गप्प केलं. दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा गेल्या, तिसऱ्या दिवशी पुन्हा. मोजे, गरम सूप आणि इकडच्या तिकडच्या गप्पा. घरी चला असं एकदाही म्हणाल्या नाहीत. मला त्यांचा राग यायला लागला होता, खरं सांगते. माझा भाऊ पुठ्ठ्यावर झोपतोय आणि या बाई हवापाण्याच्या गप्पा मारतात.

काल त्या उठता उठता म्हणाल्या, "तुमच्या खालच्या बाईंचं छत रंगवायला मालकाने कुणीतरी स्वस्तातला रंगारी ठरवलाय. उद्या येतोय. डागावर सरळ रंग ओढणार म्हणे."

भाऊ म्हणाला, "ओल वाळल्याशिवाय?"

"मला काय कळतं त्यातलं."

"पोपडे पडतील. महिन्याभरात तिच्या अंगावर पोपडे पडतील." आणि तो उठून उभा राहिला. डेपोपासून घरापर्यंत तो पुढे आणि आम्ही मागे, बाईंना धाप लागली. इमारतीत आल्यावर स्वतःच्या घरात नाही, थेट शिंपिणीच्या दारात जाऊन उभा. ती दार लावून घेणार होती. हा म्हणाला, "छताला कुणाला हात लावू देऊ नका. आधी खरवडायचं, मग वाळू द्यायचं. मी करतो. माझ्यामुळे झालंय."

ती दार धरूनच म्हणाली, "माझ्या कपड्यांवर एक थेंब पडला तर बघा."

तो स्वस्तातला रंगारी आज आला नाही. मला दाट शंका आहे की तो कधी नव्हताच. टकटकबाईंना विचारलं तर त्यांनी माझ्याकडे चष्म्याचा नंबर काढायचा विषय काढला.

तुझी,
छोटी


४ मे

दादास,

घर टिकलं. टकटकबाई घरमालकाकडे दोनतीनदा जाऊन बसल्या. त्याला हातापाया पडून विनवलं नाही. डॉक्टरांनी काय सांगितलं ते समजावलं आणि म्हणाल्या, पाणी आणि आग या दोन गोष्टींची हमी संस्था देते, बोला, आणखी काय हवं? मालक माणूस वाईट नाही, त्याला फक्त इमारत जळायला नको होती. नोटीस मागे घेतली.

आता नळ असा बसवलाय की दाबला तर थोडं पाणी येतं आणि आपोआप बंद होतो. भाऊ त्याला चिक्कू नळ म्हणतो. गॅस काढून विजेची शेगडी दिलीय, ती ठरावीक वेळाने विझते. सकाळी संस्थेचा एक माणूस येतो, तो पूर्वी नर्स होता. दोघं चहा पितात आणि आज काय काय करायचं ते ठरवतात, तीन गोष्टींच्या वर नाही. डोकेदुखीवर गोळी मिळाली, ती लागू पडली. दारू सुटलेली नाही, पण बरीच कमी झालीय. लपवून पीत नाही, हे मला जास्त मोठं वाटतं. मधे एकदा रागाने त्याने ताटली भिंतीवर मारली, मग स्वतःच लांबी भरून तो खड्डा बुजवला. चिरा तर सगळ्याच भरल्यात आता. भिंत अशी झालीय की बोट फिरवत राहावं.

आणि शिंपीण. छत त्याने तिच्या मनाजोगं करून दिलं, कपड्यांवर एक थेंब नाही. तिने आभार मानले नाहीत. पण वर पाणी जरा जास्त वेळ वाजलं की ती झाडूच्या दांड्याने छत ठोकते, आणि हा वरून टाचेने उत्तर देतो, बंद केला म्हणून. परवा मी तिथे असताना तिने ठोकलं. मी म्हटलं, नळ तर बंद आहे. भाऊ म्हणाला, "हे ठोकणं वेगळं. जेवलात का विचारतेय."

तू हसलास का वाचताना? वहिनी म्हणाली की तू माझी पत्रं खोलीचं दार लावून वाचतोस.

त्याला काम मिळालंय, हे शेवटी सांगायला ठेवलं होतं. संस्था नवी घरं घेते ती राहण्याआधी रंगवावी लागतात. ती भाऊ रंगवतो. एका दिवसाला एकच भिंत, बरोबरचा माणूस ती दाखवतो आणि संध्याकाळी बघून जातो. भिंतीपुढे तो उभा राहिला ना दादा, की डॉक्टरांनी दाखवलेलं ते चित्र खोटं वाटतं. हात जराही विसरलेला नाही. छताच्या कडेची रेघ तो अजून सुतळी न लावता ओढतो. मी बघत उभी राहिले आणि दुकान उघडायला उशीर झाला.

एका घरात डेपोवरचाच एक म्हातारा राहायला आला. भाऊने त्याच्या खोलीला पिवळा रंग दिला. मी विचारलं, पिवळाच का? म्हणाला, "जिन्याखाली असताना तो म्हणायचा, पुन्हा कधी खोली मिळाली तर पिवळी घेईन." बघ, हे त्याच्या लक्षात राहिलं.

तू ये. मी आजवर म्हटलं नव्हतं, आज म्हणते. वहिनीला घेऊन ये किंवा एकटा ये, पण ये.

तुझी,
छोटी


१४ सप्टेंबर

दादास,

तू रागावून गेलास असं मी म्हणणार नाही. दुखावून गेलास. जिन्यात मला म्हणालास, "त्याच्या मनात अजून अढी आहे." आणि रिक्षा पकडलीस. म्हणून हे पत्र लगेच लिहितेय, वहिनीच्या नाही, तुझ्या नावाने.

तू आलास त्याने त्याला काय झालं ते तुला दिसलं नाही, कारण तू खाली बघत होतास. सकाळपासून त्याने तीन वेळा दाढीवरून हात फिरवला होता. बटाटे आणि अंडी स्वतः उकडली, नर्सला लुडबूड करू दिली नाही. तू एवढ्या लांबून आलास, जेवलास, भिंतीवरून हात फिरवलास. तुला कुणी सांगितलं नव्हतं, तरी फिरवलास. तेव्हा तो ओट्याकडे वळला होता ना? डोळे पुसत होता.

आणि मग तू म्हणालास, "झालं ते झालं. चल आता माझ्याकडे. खोली रिकामी आहे, तुझी वहिनी वाट बघतेय, कायमचा चल." तो म्हणाला, "नको." आणि तुझा चेहरा पडला.

काल मी त्याच्याकडे गेले ती भांडायच्या तयारीनेच. म्हटलं, दादा त्याचा सगळा ताठा सोडून आला आणि तू त्याला एका शब्दात परत पाठवलंस? तो आपल्याच दाराच्या चौकटीला खरखरीत काचकागद घासत होता, घासतच राहिला. त्याला वेळ लागतो, हे मी आता शिकलेय, म्हणून थांबले.

मग म्हणाला, "छोटे, तिथे गेलो की मी पुन्हा दादाच्या घरात राहणारा होईन. तो गॅसवर डोळा ठेवणार, मी त्याच्यावर. दोघंही झोपणार नाही. इथे नळ माझा आहे, चुकलो तर खालून ठोकणारी आहे, सकाळी चहाला माणूस येतो. हे सगळं तिथे कोण आणणार? दादावर माझा राग नाही. राग असता तर बटाटे उकडले असते का?"

मी म्हटलं, मग त्याला तसं सांगायचं.

"सुचलं नाही. तो गेल्यावर सुचलं." मग कागद खाली ठेवला. "त्याने पाहुणा म्हणून बोलावलं तर जाईन मी. आठवडाभर राहीन, त्याच्या लेकीला बघेन, वहिनीच्या हातचं खाईन. आणि मग एका सकाळी त्याला म्हणेन, चल दादा, निघतो, घरी कामं पडलीत." हे म्हणून तो इतका हसला की खालून शिंपिणीने ठोकलं. "छोटे, हे वाक्य मला एकदा कुणाला तरी म्हणायचंय. घरी कामं पडलीत."

तर दादा, त्याला बोलाव. पुढच्या महिन्यात त्याचं एक घर रंगवून होईल, त्यानंतर तो मोकळा आहे. गाडीत मी बसवून देईन, टकटकबाईंनी वाटेतल्या प्रवासाचं सगळं त्याच्याशी बसून ठरवायचं कबूल केलंय. तू स्टेशनवर आधीच येऊन थांब. गर्दीत त्याला दिशा लागत नाही, एखाद्या खांबापाशी उभा राहील, बहुतेक खांबाचा रंग चाचपत. तू हाक मार. त्याची पिशवी घेऊ नकोस आणि हाताला धरू नकोस. नुसता शेजारून चाल.

तुझी,
छोटी